नावाची काच

आमच्या घरात अक्षरं आधी ऐकू यायची, मग दिसायची. माजलगावच्या भांड्यांच्या गल्लीत अगदी टोकाला आमचं घर होतं आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा होता. भांडी दुसरे लोक विकत, आम्ही फक्त नावं घालत असू. आबा ओसरीवर बसत. हातोडीच्या हलक्या टोल्यानं त्यांची छिन्नी एकेक ठिपका पाडत जाई आणि ठिपक्यांशेजारी ठिपके बसून अक्षर तयार होई. लग्नाच्या भांड्यांची अक्षरं अशीच ठिपक्यांची असत, गुटगुटीत, गोल, आणि नावाच्या दोन्ही अंगांना ठिपक्यांचीच एक लहानशी वेल. मागच्या पडवीत गोदाआत्या बसे. ती आबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमचीच. तिच्याकडे गेलेल्या माणसांची भांडी येत. कुणी वारलं की तेराव्याला नात्यागोत्यात वाट्या किंवा तांबे वाटायची चाल होती, आणि त्यावर गेलेल्याचं नाव असे. ते नाव ठिपक्यांनी घालत नसत. छिन्नी न उचलता एका बारीक रेघेत अक्षर ओढायचं, वेल नाही, टिंब नाही, काही नाही. ओसरीवरून टिकटिक येई आणि पडवीतून पितळेवर खरडल्याची एक लांब करकर. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला कळे की आज कुणाच्या घरचं काम आलं आहे, बाशिंगाच्या की सुतकाच्या.

आत्यानं लग्नाच्या भांड्याला हात लावायचा नाही, असं आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलेलं मला आठवत नाही. बोलायची गरजच पडत नसे. लग्नाची पोती ओसरीवर उतरत आणि ओसरीवरूनच परत जात. आत्याची हातोडी वेगळी होती, बसायचं पोतं वेगळं होतं. माय तिच्याशी कधी वाईट वागली नाही. दोघी मिळून भाकरी करत. सकाळी ओसरी आणि पडवी झाडून पितळेचा कीस गोळा केल्याशिवाय माय पिठाच्या डब्याचं झाकण काढत नसे, कारण एकदा माझ्या दाताखाली पितळ आलं होतं. येसराची आमटी उकळायला लागली की तिच्या वासात कढत पितळेचा वास मिसळे. मला अजून तो वास वेगळा करता येत नाही. आत्या भाकरी मोडताना म्हणे, "मी माझी भाकर खाते." आबांना ते ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणे, आणि ते खरं होतं. पडवीतल्या कामावर तिचं खाणं, नेसणं सुटत होतं आणि कुणापुढे मान खाली घालायची वेळ तिच्यावर येत नव्हती.

एक गोष्ट इथं नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात तेव्हा वाचता येणारी माणसं फार थोडी. शाळेत आम्हाला उर्दू शिकवत आणि बाळबोध मी आबांच्या छिन्नीपाशी शिकलो. बायकांना तर अक्षर म्हणजे काय हे भांड्यावरूनच ठाऊक. पण भांडं कसलं आहे हे त्यांना वाचावं लागत नसे. अंधाऱ्या माजघरात तांब्या उचलला की अंगठा नावावरून फिरे आणि कळे. हळदीकुंकवाला आलेल्या बाईपुढं रेघेच्या नावाचा तांब्या ठेवला, तर ती पाणी न पिताच उठून जाई. नाव कुणाचं आहे ते तिला माहीत नसे, पण अक्षर कशाचं आहे ते माहीत असे. मी पुढं आयुष्यभर आकड्यांत नोकरी केली. जे मोजता येत नाही त्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. पण अक्षर वाचण्याआधी अक्षराचा चेहरा माणसाला लागतो, हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो.

उन्हाळ्यात सिंदफणेचं पात्र आटलं की वाळूत जत्रा भरे. त्या वर्षी जत्रेत पहिल्यांदा सिनेमाचा तंबू आला. जालन्याहून बैलगाड्यांवर यंत्र, इंजिन आणि पत्र्याच्या पेट्या आल्या, त्यांच्यामागे तंबूचा मालक यासीनभाई आला. तो हैदराबादकडचा, बुटका, सुरमा घातलेला, सतत घाम पुसणारा माणूस होता. आल्या दिवशीच तो विचारत विचारत आमच्या ओसरीवर येऊन बसला. त्यानं पिशवीतून वीतभर काच काढली. सिनेमाची फीत रोज यंत्रात ओवावी लागते, तेव्हा तिचा सुरुवातीचा तुकडाच आधी झिजतो, फाटतो, जळतो, असं त्यानं सांगितलं. नाव तिथंच असतं. म्हणून त्याच्याकडची चित्रं सगळी बिननावाची झाली होती. काचेला दिव्याची काजळी धरायची, काजळी खरडून अक्षरं काढायची आणि वर दुसरी काच ठेवून कडा कागदानं चिकटवायच्या. ती यंत्रापुढं धरली की पडद्यावर काळ्यात पांढरं नाव उमटतं. बीडला एका पाट्या रंगवणाऱ्याकडून त्यानं अशी काच करून घेतली होती. यासीनभाईनं ती दाखवली आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, हे पडद्यावर आलं की किराणा दुकान वाटतं, लोक आत येऊन गुळाचा भाव विचारतील.

आबा म्हणाले, "अक्षर अक्षर असतंय. वाचता आलं म्हंजे झालं."

"नै दादा," यासीनभाई म्हणाला. "लोगां नाम पढते नै, देखते. तोंड कसं करून बसायचं, ते नाव सांगतंय."

पहिलं चित्र दुःखाचं होतं. एका राणीचं तान्हं मूल पुरात वाहून जातं आणि ती ते जन्मभर शोधत हिंडते. नाव 'पुरातला पाळणा'. आबांनी काच मांडीवर घेतली. पण त्यांच्या हाताला टोल्याची सवय. काजळीचे पापुद्रे निघाले, मग काचेला तडा गेला. पडवीतून आत्या म्हणाली, "दादा, छिन्नी कावून घेतलाव? सुई घ्या." आणि ती स्वतःच वाकळ शिवायची जाड सुई घेऊन दारापर्यंत आली. काच तिच्याकडे गेली. मी पाटीवर नाव लिहून दिलं, ती आपल्या पद्धतीनं ओढत गेली. सुई उचलली नाही. खालच्या अर्ध्या भागात यासीनभाईनं स्वतः उर्दूत नाव काढलं. त्याचा हात छान होता, पण आत्याच्या रेघेशेजारी ते थोडं नटल्यासारखं दिसत होतं, हे त्यानंच कबूल केलं.

दिवेलागणीनंतर खेळ लागला. तंबूत मधोमध सुताडा, म्हणजे जाडाभरडा कापडी आडपडदा, बांधून एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका बसल्या होत्या. मी सुताड्याला खेटून बसलो होतो, पलीकडे माय. आत गोंगाट एवढा की मूक चित्राला साथ करणाऱ्या पेटीवाल्याची पेटी ऐकू येत नव्हती. पोरं रडत होती, शेंगा फुटत होत्या, एकमेकींना हाका चालल्या होत्या. मग दिवा गेला आणि अंधारात ते नाव आलं. बारीक, सरळ, पांढरं. वेल नाही, काही नाही. बायकांच्या बाजूचा आवाज एकदम खाली बसला. कितीतरी हात एकाच वेळी पदराकडे गेले. मायच्या शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "माय, कुणाचं गेलं गं?" अजून पडद्यावर एकही माणूस आलेलं नव्हतं. पुरुषांच्या बाजूलाही बिड्या विझल्या. राणी आली तेव्हा सगळा तंबू तिची वाटच पाहत बसला होता, आणि मूल वाहून जाईपर्यंत रडायला कुणी थांबलं नाही.

पेटीवाला त्या वेळी सावकाश काही वाजवत होता, हे मी लपवत नाही. पण बिननावाच्या खेळांनाही तो सुरुवातीला तेच वाजवी आणि लोक त्यावर बोलत राहत. आत्यानं चित्र पाहिलं नाही. विधवा बाईनं तंबूत जायचा प्रश्नच नव्हता. मी घरी येऊन तिला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला आणि तिनं विचारलं, "समद्यांना दिसलं?" मी म्हणालो, भिंतीएवढं दिसलं. तिनं परत सुपाकडे मान घातली. खेळ जोरात चालला आणि यासीनभाईनं आमच्याकडे रेवड्यांचा पुडा पाठवला.

पुढचं चित्र हसण्याचं होतं. एक बावळट नवरदेव घोड्यावर उलटा बसतो, शेपूट धरून वरातीत निघतो आणि चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन उतरतो. नाव 'उलटा नवरदेव'. यासीनभाई काच घेऊन आला तेव्हा आबा तेलगावला गेले होते. त्याला आमच्या चाली काय ठाऊक? ज्या हातानं आधीचा खेळ चालला तोच हात त्याला पुन्हा हवा होता, इतकंच. आत्यानंही काच घेतली. तिला एकच तऱ्हा माहीत होती, त्या तऱ्हेनं तिनं नाव ओढलं. नवरदेवाचं नाव. तिच्या मनात काय होतं ते मी तेव्हा विचारलं नाही. मला स्वतःला तर त्यात काही चूक दिसली नाही, कारण मी नुसतं वाचत होतो.

नाव पडद्यावर आलं आणि तंबू पुन्हा तसाच खाली बसला. पेटीवाला या वेळी मुद्दाम उडत्या चालीचं वाजवत होता, तबलेवाला तर उभा राहून वाजवत होता. नवरदेव उलटा बसला, घोडा नाचला, पागोटं शेणात पडलं. कुणी हसेना. बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. माझ्या पुढचा एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "बिचारा. कवा मरतंय आता?" सगळे नवरदेवाच्या मरणाची वाट पाहत बसले होते. पडद्यावर लग्न लागलं आणि चित्र संपलं तरी माणसं उठेनात, म्हणाली, मरायचं राहिलं की. यासीनभाई डोक्याला हात लावून यंत्राशी बसला होता.

आज हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हा आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात बोभाटा झाला होता. चित्र कुणाला कळलं नाही, पण कासाराच्या विधवा बहिणीनं नवरदेवाच्या नावावर सुतकाचं अक्षर घातलं, हे सगळ्यांना कळलं. उमापूरच्या पाटलीणबाई जत्रेसाठी माजलगावला आपल्या भावाकडे आल्या होत्या. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलेलं, तिच्या रुखवताची भांडी आमच्या ओसरीवर नावं घालायला येऊन पडली होती. त्यांचा निरोप आला, भांड्याला कुणी हात लावू नका, मी येऊन घेऊन जाईन. आबा तेलगावहून आले ते हे ऐकतच आले. ते ओरडले नाहीत. पडवीत जाऊन म्हणाले, "गोदे, हातोडी ठेव. मी सांगंपातूर कशालाच हात लावू नको."

"तेराव्याच्या भांड्यालाबी?"

"कशालाच."

ती उठली, हातोडी कोनाड्यात ठेवली आणि पोतं गुंडाळून भिंतीशी लावलं. त्या दिवसापासून ती दुसऱ्यांदा जेवायला वाढून घेईना. माय आग्रह करी, तर म्हणे, भूक न्हाई. भाकरी मोडताना नेहमी म्हणायची ते वाक्य तिनं बंद केलं. पडवीत तेराव्याचे तांबे पडून राहिले. ज्यांचे होते ते दारात येऊन परत जात, आणि आबा त्यांना काहीतरी कारण सांगत. आबा दुष्ट नव्हते. पाटलीणबाईंचं काम गेलं तर त्यांच्यामागून लग्नसराईची बाकी कामंही जातील, ही भीती त्यांना होती. आणि एकदा तिचं काम थांबलं म्हणजे ते पुन्हा सुरू करायला कुणाची तोंडं बघावी लागतील, हेही त्यांना कळत होतं.

जत्रा उठायला थोडे दिवस राहिले असताना यासीनभाई परत आला. त्याला आता कुणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं. 'उलटा नवरदेव'ला नवी काच हवी, लग्नाच्या अक्षरांची, दादा तुमच्या हाताची, असं तो म्हणाला. आबांनी सकाळभर खटपट केली. सुई त्यांच्या बोटांत बसेना, काजळीवर ठिपका पाडायचा तर भोकाएवढा पडे, आणि नाव संपायच्या आधी काच काळी-पांढरी होऊन जाई. दोन काचा फुटल्या. शेवटी ते नुसते बसून राहिले. यासीनभाई त्यांच्या हाताकडे बघत होता, आबा रस्त्याकडे. माय आतून पाणी घेऊन आली. घरात बाहेरच्या माणसापुढं ती कधी बोलत नसे. तांब्या खाली ठेवून ती आबांना म्हणाली, "काचंवर कुणाचं लगीन हाय का? जत्रा उठली की पुसून टाकत्यात ते. वन्संना द्या."

आबांनी सुई खाली ठेवली. नाही म्हणाले नाहीत, हेच आम्ही हो धरलं.

आत्यानं आधी मला ओसरीवरून एक लग्नाचा तांब्या आणायला सांगितलं. मग म्हणाली, नको, राहू दे. डोळे मिटून तिनं अंगठा हवेत फिरवला, भांड्यावरून फिरवावा तसा. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या भांड्यांवर माझ्या आजोबांनी नावं घातली होती, ती भांडी सासरीच राहिली होती. मग तिनं सुई घेतली आणि काजळीवर टोकं टेकवायला लागली, एकेक, जवळजवळ, न घसरता. आवाज असा काहीच नव्हता. दोन्ही बाजूंना वेल काढली. वेलीच्या शेंड्याला एक ठिपका जास्त दिला, आबा देत नसत तो. दिवसाउजेडी मी काच खिडकीसमोर धरली, तर दिवाळीला कट्ट्यावर पणत्या मांडाव्यात तसं नाव पेटलेलं दिसलं.

त्या संध्याकाळी माणसं फार नव्हती, चित्र सुतकाचं म्हणून बदनाम झालेलं. पाटलीणबाई मात्र भावजयांसोबत आल्या होत्या, कदाचित बघायलाच की आता काय अभद्र काढतात. दिवा गेला, नाव आलं. आधी एका पोरीनं टाळी वाजवली. मग बायकांच्या बाजूनं एक हसण्याची लाट आली. हसण्यासारखं अजून काहीच झालं नव्हतं. लग्नघरात पाय ठेवल्यावर बायका उगाच हसतात ना, तसं ते हसणं होतं. नवरदेव आला तेव्हा लोक आधीच खुशीत होते. पागोटं शेणात पडलं तेव्हा त्या शेतकऱ्यानं मांडीवर थाप मारली. तंबूबाहेर पडताना चार माणसं आबांच्या खांद्यावर हात ठेवून गेली. "झकास घातलाव नाव, कासारदादा." आबा मान हलवत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

सकाळी पाटलीणबाई ओसरीवर आल्या. भांडी न्यायला आल्या नव्हत्या, नावं घालून घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, काल पडद्यावर होतं तसंच अक्षर पायजे, तीच वेल. आबांनी एक वाटी घेतली, 'सौ.' घातलं आणि पुढं केलं. पाटलीणबाईंनी बघितलं नाही, अंगठा फिरवला.

"हे ते न्हाई."

आबांनी वाटी परत घेतली. जरा वेळ ती हातात फिरवली. मग म्हणाले, "ते माझं न्हवतं. गोदीचं हाय. आधीचंबी तिचंच."

माय दाराआड उभी होती. आत्या पडवीत होती, रिकाम्या हातांनी, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. पाटलीणबाई उठतील असं मला वाटलं. त्यांनी पदर सारखा केला, आपल्या भांड्यांच्या ढिगाकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकतंय का म्हणून.

"नाव कुणी घातलं, ते भांड्यावर कुठं लिवलेलं असतंय?" त्या म्हणाल्या. "पर माझ्या भावाच्या घरी बोलू नका."

हे काही मोठं मन नव्हतं, हे मी स्पष्ट लिहितो. त्यांना अक्षर हवं होतं, माणूस नको होतं. आत्याला पुढंही कुणी लग्नाला बोलावलं नाही, आणि आमच्या ओसरीवर तिला कुणी बसवलं नाही. आता मी बीडला राहतो, कधीतरी सिनेमाला जातो, आणि सुरुवातीची नावं चुकू नयेत म्हणून वेळेआधी जातो. हल्ली ती रंगीत असतात, थरथरतात, रक्तासारखी ओघळतात, फुलांतून उगवतात. ती सरली की बायको मला चिडवते, "झाला तुमचा सिनेमा, चला घरी." मी तिला सांगतो, नावावरून मला पुढं काय होणार ते कळतं. ते दर वेळी खरं ठरत नाही. त्या सकाळी तर मला काहीच कळलं नव्हतं.

आबांनी भांड्यांचं पोतं स्वतः उचललं. पाटलीणबाई त्यांच्या मागून माजघरातून आल्या आणि पडवीच्या उंबऱ्याशी थांबल्या. आबांनी पोतं आत्यापुढं ठेवलं आणि कोनाड्यातली हातोडी काढून पोत्यावर ठेवली. आत्यानं हातोडीला हात लावला नाही. तिनं आधी पदराच्या टोकानं एक तांब्या नीट पुसला, उजेडाकडे धरला, आणि तो मांडीवर घेऊन वर बघितलं.

"बाई," तिनं विचारलं, "नवरीचं नाव काय?"